मी वही उघडलीच नाही

मैत्रिणींनो, दिवाळीच्या आधी आपण सगळ्याजणी माळा काढतो. वर्षभर ज्यांच्याकडे ढुंकून पाहिलं नाही ते डबे, पातेली, जुनी अंथरुणं उन्हात येतात. माळ्यावरून काय काय खाली येईल ह्याचा मात्र नेम नसतो. २०१७ च्या दिवाळीत आमच्या चिंचवडच्या घरी माळ्यावरून एक पत्र्याची ट्रंक खाली आली, आणि त्या ट्रंकेतून आली एक नक्कल. नाटकातल्या एका भूमिकेचे संवाद लिहिलेले, दोऱ्यानं शिवलेले पंचवीस-तीस कागद. कडा पिवळ्या पडलेल्या, आणि मधे मधे ह्यांच्या अक्षरात पेन्सिलीच्या खुणा.

आमचे हे त्याच वर्षी निवृत्त झाले होते. स्टुलावर उभे राहून सामान देत होते, मी खाली घेत होते. ट्रंक उघडली तेव्हा लपवायला वेळच मिळाला नाही. ह्यांनी कागद हातात घेतले, पहिलं पान पाहिलं, दोऱ्यावरून बोट फिरवलं आणि एवढंच म्हणाले, "हे इथं होतं होय."

रागावले नाहीत. मला विचारलंही नाही. कागद टेबलावर ठेवले आणि पुन्हा स्टुलावर चढले. पण त्या चार शब्दांनी मला जे झालं, ते चोवीस वर्षांच्या भांडणांनी झालं नसतं.

झालं होतं असं. १९८४ साली मी लग्न होऊन चिंचवडला आले तेव्हा हे पिंपरीतल्या एका मोठ्या कारखान्यात नोकरीला होते. तीन पाळ्यांची नोकरी. त्या दिवसांत आमच्याकडे घड्याळ लागत नसे, भोंग्यावर कुकर लावायचा आणि भोंग्यावर उतरवायचा. पण ह्यांचं अर्धं मन नाटकात. कामगार कल्याण मंडळाच्या नाट्यस्पर्धा त्या काळी मोठ्या अटीतटीच्या होत. खात्याखात्यांतली मंडळी पाळी सुटली की तालमीला जमायची. अंगाला तेलाचा वास, हातात डबा, आणि तोंडात राजाचे नाहीतर वकिलाचे संवाद! हे काम चांगलं करत. हे मीच म्हणते असं नाही, दोनदा बक्षीस मिळालं होतं.

१९९३ साली एका व्यावसायिक नाटक मंडळीनं ह्यांना विचारलं. दुसऱ्या क्रमांकाची भूमिका. तीन महिने, महिन्याला साधारण पंधरा प्रयोग, दर प्रयोगाला ७५ रुपये. साहेबांनी तोंडी कबूल केलं होतं, तीन महिने बिनपगारी रजा देऊ, नोकरी राहील. हे नक्कल घेऊन घरी आले तेव्हा चेहरा मी पहिला मुलगा झाला तेव्हा पाहिला होता तसा.

आणि मी काय म्हणाले? पोळी लाटत होते, मानसुद्धा वर केली नाही. "अहो, घराचा हप्ता कोण भरणार? तुमचे प्रेक्षक?"

बस्स. एवढंच. हे काही बोलले नाहीत. चार दिवसांनी मंडळींना नकार कळवला. ती नक्कल परत द्यायची राहून गेली. डोळ्यांसमोर नको म्हणून मी ती ट्रंकेत घातली. त्यांनी ती कधीही मागितली नाही. स्पर्धेतली कामं आणखी एखाद-दोन वर्षं केली, मग तीही बंद झाली. मग ओव्हरटाइम, मुलांचे क्लास, सासूबाईंचं आजारपण. तुम्हाला मी निराळं काय सांगणार? सगळ्यांच्या घरी असंच असतं.

आता तुम्ही म्हणाल, ह्यात चूक काय झाली? दोन लहान मुलं, डोक्यावर कर्ज. कोणत्याही शहाण्या बाईनं हेच केलं असतं. मीही स्वतःला हेच सांगत आले होते. मग १७ डिसेंबर २०१९ ला संध्याकाळी दूरदर्शनवर बातमी आली, डॉ. श्रीराम लागू गेले. पुण्यात, वयाच्या ९२व्या वर्षी. हे जेवता जेवता थांबले. रात्री उशिरापर्यंत पडद्यावर त्यांची जुनी दृश्यं दाखवत होते, आणि हे बघत होते. मधेच म्हणाले, "अगं, ह्या माणसानं बेचाळिसाव्या वर्षी सुरुवात केली."

मला ते माहीत नव्हतं. डॉक्टर लागू म्हणजे 'पिंजरा'तले मास्तर, एवढीच माझी ओळख. नाही म्हणायला एकदा पुण्याला त्यांचं 'सूर्य पाहिलेला माणूस' पाहिलं होतं. त्यात ते सॉक्रेटिस झाले होते. सत्तरी ओलांडलेला माणूस, आणि पानंच्या पानं भाषणं अडखळल्याशिवाय म्हणत होता. मी त्यांच्या पाठांतराचं कौतुक केलं आणि विसरून गेले. बातमीनंतर हे ग्रंथालयातून त्यांचं आत्मचरित्र घेऊन आले, 'लमाण'. नट म्हणजे लमाण, लेखकाचा माल प्रेक्षकापर्यंत वाहून नेणारा, असा त्या नावामागचा भाव. ह्यांचं वाचून झालं, मग मी दुपारच्या वेळी वाचायला घेतलं. मिळेल ते आणखीही वाचलं. आणि जे कळलं ते तुम्हाला सांगावंसं वाटतं, कारण ते फक्त नाटकवाल्यांच्या कामाचं नाही.

डॉक्टर लागूंचा जन्म १९२७ चा, साताऱ्याचा. वडील डॉक्टर. हेही पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाले, कान-नाक-घशाचे शल्यविशारद. कॉलेजात असतानाच नाटकाचा नाद लागला. पुढे भालबा केळकरांच्या बरोबरीनं प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन, म्हणजे पुणेकरांची पी.डी.ए., तिच्यात ते रमले. दिवसा रोग्यांचे घसे तपासायचे, संध्याकाळी तालमीत स्वतःचा घसा तापवायचा! पुण्यात काही वर्षं व्यवसाय झाला, मग पुढच्या शिक्षणासाठी कॅनडा आणि इंग्लंडला गेले. परत आले, पुन्हा दवाखाना, पुन्हा नाटक.

आणि मग गेले आफ्रिकेत. टांझानियातलं टबोरा नावाचं गाव. नकाशात पाहा, किनाऱ्यावरच्या दार-ए-सलामपासून आगगाडीचा रस्ता थेट आत, देशाच्या मध्याकडे जातो. त्या रस्त्यावर टबोरा लागतं. तिथून एक फाटा टांगानिका सरोवराकडे आणि दुसरा व्हिक्टोरिया सरोवराकडे फुटतो. जुन्या काळी व्यापाऱ्यांचे तांडे तिथं थांबत. टांझानियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे तिथल्याच शाळेत शिकले. टांझानिया हे नावसुद्धा १९६४ सालचं, तेव्हा देश अगदी नवा. तिथं आमचे हे सातारचे डॉक्टर कान, नाक, घसा बघत होते. मराठी नाटकापासून हजारो मैल दूर.

मी पुष्कळदा विचार करते, त्या टबोऱ्याच्या संध्याकाळी कशा असतील? रोगी संपले, दिवे लागले, आणि तालीम नाही. माणसाला आपलं खरं काय आहे ते कधी कधी ते जवळ नसताना कळतं. माहेर जसं सासरी गेल्यावर कळतं तसं. ते परत आले आणि १९६९ साली, वयाच्या ४२व्या वर्षी, त्यांनी डॉक्टरकी सोडून पूर्ण वेळ नट व्हायचं ठरवलं. वसंत कानेटकरांचं 'इथे ओशाळला मृत्यू' हे त्यांचं व्यावसायिक रंगभूमीवरचं पहिलं पाऊल.

पुढच्याच वर्षी, २३ डिसेंबर १९७० ला मुंबईत बिर्ला मातुश्री सभागृहात 'नटसम्राट'चा पहिला प्रयोग झाला. वि. वा. शिरवाडकरांचं नाटक, दिग्दर्शन पुरुषोत्तम दारव्हेकरांचं, संस्था गोवा हिंदु असोसिएशन. ४३ वर्षांचे लागू म्हातारे अप्पासाहेब बेलवलकर झाले आणि शांता जोग त्यांच्या कावेरी. ते अप्पासाहेब आठवतात ना? सगळं मुलांना देऊन टाकलेला, मग मुलांच्याच घरात अडगळ झालेला म्हातारा नट. आपल्या आया-सासवा ते नाटक पाहून पदर ओले करून घरी येत. १९७२ साली व्ही. शांतारामांचा 'पिंजरा' आला आणि डॉक्टर गावोगाव पोचले. मग हिंदी चित्रपट. 'घरौंदा'साठी फिल्मफेअर मिळालं. १९७७ चा तो चित्रपट, मुंबईत घरासाठी पैसे साठवणाऱ्या जोडप्याचा. हप्त्यांच्या दिवसांत तो पाहिला असता तर मी रडले असते! अॅटनबरोंच्या 'गांधी'त ते गोपाळ कृष्ण गोखले झाले. हिंदी-मराठी मिळून शंभरावर चित्रपट केले, पण नाटक सोडलं नाही.

हे सगळं वाचलं आणि माझ्या पोटात खड्डा पडला. हे तेव्हा छत्तीसचे होते. बेचाळीसला सहा वर्षं कमी!

पण मैत्रिणींनो, मी संसार केलेली बाई आहे. दोन दिवस हळहळले, आणि तिसऱ्या दिवशी माझ्यातली हिशेबी बाई जागी झाली. म्हटलं, थांब जरा. डॉक्टरांची गोष्ट आपल्याला अशीच्या अशी लागू होते का? (हा विनोद नाही हं!) त्यांनी उडी मारली खरी, पण उडीच्या आधी दोन तपांच्या आसपास हौशी रंगभूमीवर पाय घट्ट केले होते. आणि पाठीशी डॉक्टरकीची पदवी होती. नाटक नाही चाललं तर पाटी पुन्हा लावता आली असती. कामगाराची नोकरी एकदा गेली की गेट बंद. तेव्हा त्यांच्या धैर्याला नमस्कार, पण त्यांच्या मापानं आपलं मोजू नये.

मग आठवले निळूभाऊ. निळू फुले पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करत होते, आणि राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून लोकनाट्यात आले. पाठीशी ना पदवी, ना पैसा. १९६८ च्या 'एक गाव बारा भानगडी'नं त्यांना चित्रपटात आणलं. आणि गंमत पाहा, 'सामना'त हे दोघे समोरासमोर उभे राहिले. डॉक्टर झाले फाटका, दारुडा मास्तर, आणि माळीकाम केलेले निळूभाऊ झाले साखरसम्राट हिंदुराव धोंडे पाटील! विजय तेंडुलकरांची लेखणी, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन. १९७५ साली तो चित्रपट बर्लिनच्या महोत्सवात गेला. शल्यविशारद आणि माळी, दोघांनाही त्या पडद्यावर एकच जागा मिळाली. आज आमच्या इकडे पिंपळे गुरवला महापालिकेचं नाट्यगृह आहे, त्याला निळूभाऊंचं नाव दिलंय. त्या रस्त्यानं जाताना हे नेहमी पाटीकडे बघतात. मी खिडकीबाहेर बघते.

तर निळूभाऊंनी माझी पळवाट बुजवली. पदवी नसली तरी जमू शकतं. मग माझ्या नकाराचं काय?

मी एक केलं. जमाखर्चाच्या जुन्या वह्या मी टाकत नाही. १९९३ ची वही काढली. हे दुपारी झोपले होते. चष्मा लावून बसले आणि जो हिशेब तेव्हा करायला हवा होता तो त्या दिवशी केला.

हातात येणारा पगार ३,४०० रुपये. नाटकाचे पंधरा प्रयोग, ७५ प्रमाणे १,१२५. म्हणजे महिन्याला तूट २,२७५ ची, आणि तीन महिन्यांची ६,८२५. आता जमेची बाजू. माझी भिशी त्या वर्षी लागली होती, ४,००० रुपये. पोस्टात २,००० होते, मुलीच्या नावानं ठेवलेले. झाले ६,०००. म्हणजे कमी पडत होते ८२५ रुपये.

आठशे पंचवीस! आणि मला शिवण येत होतं. शेजारणींचे ब्लाऊज शिवून देत होते मी, हौसेनं, फुकट. तीन महिन्यांत तेवढे पैसे उभे राहिले असते की नाही, तुम्हीच सांगा.

मी वही मिटली आणि बराच वेळ तशीच बसले. त्यांचं नाटक चाललं असतं की नसतं, कुणास ठाऊक. तीन महिन्यांत पडलंही असतं. हे मुकाट्यानं पाळीवर परत गेले असते आणि डॉक्टर लागूही झाले नसते, निळूभाऊही नाही. नकार बरोबर होता की चूक, हे मला आजही सांगता येणार नाही. मला टोचतं ते निराळंच. मी वही उघडलीच नाही. पोळी लाटता लाटता, मान वर न करता, एका माणसाचं आयुष्यभराचं वेड एका टोमण्यात निकालात काढलं. हिशेब करून नाही म्हटलं असतं, तर ती नक्कल ट्रंकेत लपवावी लागली नसती.

डॉक्टर लागूंचं आणखी एक नाटक होतं, कानेटकरांचं 'हिमालयाची सावली', १९७२ सालचं. महर्षी कर्व्यांच्या आयुष्यावरून सुचलेलं. त्यात नानासाहेब भानू समाजासाठी घर विसरतात आणि त्यांची बायको बयो तोंडानं फटकळ बोलत बोलत सगळा संसार ओढते. मोठ्या माणसाच्या सावलीत बाईचं काय होतं ते त्या नाटकानं दाखवलं, आणि ते खरंच आहे. पण माणूस मोठा व्हायच्या आधीच बाईची सावली त्याच्यावर पडते, त्याचं नाटक कुणी लिहिलं असेल तर मला ठाऊक नाही. आणि उलटही असतंच. किती बायकांच्या पेट्या, रंग, पदव्या नवऱ्याच्या एका वाक्यानं माळ्यावर गेल्या! त्या वाक्यांचाही कुणी हिशेब केलेला नसतो.

त्या संध्याकाळी चहा देताना मी ह्यांना वही दाखवली. "आठशे पंचवीस कमी पडत होते," म्हटलं. त्यांनी आकडे नीट वाचले. मग म्हणाले, "प्रवासाचा खर्च धरला नाहीस." मी हसले की रडले ते कळलं नाही. पण मग त्यांनी विचारलं, "ती नक्कल कुठं ठेवलीस?" मी म्हटलं, तुमच्याच कपाटात. हल्ली हे ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यावर नाट्यवाचन करतात. आवाज अजून चांगला आहे. फक्त पानं उलटताना हात थरथरतो.

गोष्ट इथं संपली असती तर मी तुमचा वेळ घेतला नसता. पण गेल्या महिन्यात सूनबाई स्वयंपाकघरात आली. मी मटार सोलत होते. तीही सोलायला बसली. मुलगा चाकणला एका कारखान्यात गुणवत्ता विभागात आहे. सकाळी सव्वासहाला कंपनीची बस, मोशीपासून पुढं गाड्यांची रांग, परत यायला रात्रीचे आठ. त्यालाही वडिलांचाच नाद. एका नाटकासाठी चार महिने बिनपगारी रजा घ्यावी असं त्याच्या मनात आहे. सून शाळेत शिकवते. घराचा हप्ता आहे, नात पहिलीत आहे. म्हणाली, "आई, मी काय करू? नाही म्हटलं तर हे आयुष्यभर मनात ठेवतील. हो म्हटलं तर घर कसं चालवू?"

मला वाटलं, माझीच खुर्ची कुणीतरी पुन्हा मांडली आणि त्यावर तिला बसवलं.

मी तिला हो म्हण असं सांगितलं नाही. नाही म्हण असंही नाही. तिला तीन गोष्टी सांगितल्या, त्या तुम्हालाही सांगते.

पहिली, उत्तर देताना हातातलं काम खाली ठेव. पोळपाट, मटार, मोबाइल, जे असेल ते.

दुसरी, वही घे आणि दोघं मिळून लिहा. वेडाला मुदत घाला आणि मुदतीला आकडा लावा. चार महिने म्हणजे चारच. तूट किती, साठवण किती, दुसऱ्याच्या पगारात किती भागतं, नोकरी राहील हे लेखी आहे की तोंडी. आमच्या साहेबांचा शब्द तोंडी होता, हे मी विसरलेले नाही. मुलांच्या शाळेचे आणि दवाखान्याचे पैसे बाजूला काढून मगच उरलेलं मोजा.

तिसरी, आकडा जुळला नाही तर नाही म्हणायला लाजू नको. पण मग केव्हा जमेल ती तारीखही त्याच पानावर लिही. बिनतारखेचा नकार माळ्यावर जातो आणि तिथंच पिवळा पडतो.

त्या रात्री दोघं जेवणाच्या टेबलावर वही घेऊन बसले. मी मुद्दाम आतल्या खोलीत गेले. हे मात्र बाहेर पेपर वाचत बसले होते, म्हणजे पेपर तोंडापुढे धरून बसले होते. तासाभरानं सुनेचा आवाज आला, "चार महिन्यांचे अठरा हजार कमी पडतायत." मुलगा गप्प. आणि मग हे पेपरामागून म्हणाले, "प्रवासखर्च धरला का?"

"धरला, बाबा."

"मग बघू," हे म्हणाले.

अजून काही ठरलेलं नाही. रजेचं पत्र लेखी मिळेल का ते मुलगा विचारतो आहे. वही टेबलावरच आहे, उघडी. मी रोज टेबल पुसते, पण ती उचलून ठेवत नाही.